एकोणीस एकांचा दगड

माणूस गेल्यावरसुद्धा बायकोला कामाला कसं लावायचं, ते आमच्या वुब्बोकडून शिकावं. इतरांचे नवरे जाताना सांगतात, माझ्या दगडावर एखादं वचन कोरा, नाहीतर जहाज कोरा, गव्हाची लोंबी कोरा. आमच्या शाळामास्तर नवऱ्यानं सांगितलं, नाव कोर, जन्माचं आणि मरणाचं साल कोर आणि सगळ्यात खाली एकोणीस एक कोर. एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, अशी एकोणीस आकडी संख्या. बाकी काही नको.

जवळच्या डोक्कुम शहरातल्या इस्पितळात, नाकात नळी असताना, हे सांगणं चाललं होतं. मी म्हटलं, लोक हसतील. तर म्हणाला, "हसू देत. पण मोजून कोरून घे, हिस्के. कमी-जास्त झालं तर ती तुटेल. मला न तुटणारी हवी आहे." आणि त्यानं माझा हात घट्ट धरला. वुब्बो हात धरणाऱ्यातला नव्हता हो. लग्नाच्या दिवशीसुद्धा पाद्र्यानं खुणावलं तेव्हा कुठे धरला. म्हणून मी शब्द दिला. त्याच आठवड्यात तो गेला.

न तुटणारी म्हणजे मूळ संख्या. जिला ती स्वतः आणि एक सोडून कुणाचाही भाग जात नाही, ती. अकरा घ्या, म्हणजे दोन एक. ती मूळ. पण तीन एक घेतले, एकशे अकरा, की सदतीसनं भाग जातो, तुटली. चार एक घेतले की अकरानं तुटली. एकांची संख्या सम असली की अकरा आत शिरतोच, तिनाच्या पटीत असली की सदतीस शिरतो. हे सगळं मला पाठ आहे, कारण आमच्याकडे नाश्त्याला पावाबरोबर लोणी कमी आणि हे जास्त असायचं. मी वैतागून म्हणायचे, मग ज्या संख्येत एक किती आहेत तो आकडाच मूळ घ्यायचा, झालं की नाही? तर वुब्बो चमचा उगारून म्हणायचा, तेवढ्यानं होत नाही! पाच मूळ आहे, पण पाच एकांना एक्केचाळीसनं भाग जातो. सात मूळ आहे, पण सात एकांना दोनशे एकोणचाळीसनं जातो. तेराही तुटतात, सतराही तुटतात. आकडा मूळ असणं ही फक्त परीक्षेला बसायची परवानगी, पास होणं वेगळं. आणि दोनानंतर पहिल्यांदा पास होतात ते एकोणीस.

तरुणपणी, नुकता शाळेत लागला तेव्हा, हे त्यानं स्वतः सिद्ध करायला घेतलं होतं. कागदावर. कित्येक हिवाळे. मी स्वेटर विणायचे आणि तो भागाकार करायचा. मग एकदा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला आणि कळलं की ते कुणीतरी त्याच्या कितीतरी आधी सिद्ध करून ठेवलेलं आहे. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. घरी आला, वाटाण्याचं सूप दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, "चला, म्हणजे ती मूळ आहे हे तरी नक्की झालं." असा माणूस. त्याचा राग यायचा आणि रागावताही यायचं नाही.

थडग्यावर संख्या, ही कल्पना मात्र त्याची नाही. लायडनला एका जुन्या गणितीच्या थडग्यावर वर्तुळाच्या त्या पायचे पस्तीस आकडे कोरले होते म्हणे, तो दगड पुढे कुठेतरी हरवला. वुब्बोला त्याचं भारी अप्रूप. पण म्हणायचा, पाय काय, चालतच राहतो, त्याला शेवट नाही. आपली बरी. एका ओळीत मावते.

आता ह्या सगळ्यात माझी खरी धास्ती होती ती त्याच्या मंडळाची. गावातल्या खानावळीच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा हे पाच-सहा जण जमायचे. वुब्बो, त्याच्या शाळेतले दोन मास्तर, औषधवाली आउक्ये, बोटीचा एक निवृत्त कप्तान, असे. बिअर घ्यायची आणि संख्यांवर भांडायचं. त्यांचा एक नियम होता, आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. दुसऱ्यानं मोजलेलं खरं मानायचं नाही. प्रत्येकानं आपलं आपण मोजायचं. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यासुद्धा सगळे एकामागून एक मोजायचे, तोवर मेण केकवर.

आणि त्यातला सगळ्यात खवट म्हणजे रीन्क. पाणी-खात्यात बांधांची उंची मोजण्यात जन्म गेला, म्हणून आजही कुणाच्या शब्दावरून, स्वतः भिजल्याशिवाय, ओलं म्हणत नाही. खोटं बोलता येत नाही त्याला, चांगुलपणानंसुद्धा नाही. माझ्या बहिणीचं बाळ पाहून म्हणाला होता, "डोकं जरा चपटं आहे." वुब्बोच्या अंत्यविधीला पाद्री म्हणाला, ह्यांनी चाळीस वर्षं मुलांना घडवलं, तर मागच्या बाकावरून स्वच्छ आवाज आला, "सदतीस." हा माणूस दगड बघायला येणार होता. आमच्याकडे दगड बसवला की जवळची माणसं जमतात, बघतात, मग घरी कॉफी होते. शनिवारी सकाळी अकराची वेळ ठरली होती.

दगडाचं काम मी गोस्सेला दिलं. गोस्से आमच्याच गल्लीतला, वुब्बोच्याच हाताखाली शिकलेला, म्हणजे नापास झालेला. पण हात सोन्याचा. छान निळसर काळा दगड त्यानं निवडला. मी त्याला सगळं लिहून दिलं, वर नाव, मग सालं आणि खाली एकोणीस एक. आम्ही इकडे एक लिहितो तो म्हणजे साधी उभी रेघ. मी तीनदा मोजलं. शेजारणीकडूनही मोजून घेतलं. म्हटलं, आता काय होणार?

शुक्रवारी संध्याकाळी गोस्सेनं दगड बसवला आणि निरोप धाडला, बाई, काम झालं, देखणं झालंय. शनिवारी सकाळी न्याहारी झाल्यावर मी बादली, फडकं घेऊन सायकलवर स्मशानात गेले. धूळबीळ असेल तर पुसावी म्हणून. समुद्राच्या बांधावरून असं वारं येत होतं की टोपी उडते की काय. दगड खरोखर देखणा झाला होता. वुब्बोचं नाव वाचलं, थोडी रडले. मग नाक पुसलं आणि खालची ओळ मोजायला वाकले.

तेवीस.

म्हटलं, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलंय. परत मोजलं, बोट ठेवून ठेवून. तेवीस. उजवीकडून मोजलं, जसं काही उजवीकडून कमी होणार होते. तेवीस. बादली तिथेच सोडली, सायकलवर टांग मारली आणि थेट गोस्सेच्या आवारात.

गोस्से एप्रन बांधून कुणाच्या तरी देवदूताला पंख काढत होता. मला बघून हसला. मी म्हटलं, हसू नकोस, एकोणीस सांगितले होते, तेवीस कुठून आणलेस? त्याला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं तसा तो पांढरा पडला. त्याला वाटलं होतं, ती नक्षी आहे.

"बाई, मला वाटलं कुंपण आहे," गोस्से म्हणाला. "नावाखाली कुंपणासारख्या रेघा काढतात ना लोक, तसं. तुमच्या रेघा उजवीकडे कमी पडत होत्या. नाव ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जातं आणि कुंपण मध्येच संपतं, बोळक्या तोंडासारखं दिसतं ते. दगडावर ओळ अपुरी सोडली तर लोक म्हणतात गोस्सेची छिन्नी झिजली. म्हणून चार भरल्या."

सारखं अंतर, सारखी खोली, एकही रेघ तसूभर इकडे-तिकडे नाही. त्या माणसानं ओळ सुंदर केली होती आणि माझ्या नवऱ्याचं वाटोळं केलं होतं. मी तिथल्या एका न कोरलेल्या दगडावर मटकन बसले. कोरलेलं काही पुसता येत नाही. गोस्से म्हणाला, चुन्याच्या लगद्यानं चार भरून देतो. पण ते पांढरे दिसणार, म्हणजे काळ्या दगडावर चार खोटे दात. नवा दगड करून देतो म्हणाला, फुकट, पण तो कधी? दोन तासांत मंडळी येणार.

मग त्यालाच सुचलं. त्याच्या अंगणात जांभळ्या हायसिंथची एक कुंडी होती, चांगली घेरदार. म्हणाला, "बाई, ओळ अगदी खाली आहे. उजव्या टोकाला ही ठेवली की शेवटचे चार झाकले जातील. बाकी एकोणीस दिसतील. आज निभावेल. मग मी गुपचूप दगड बदलीन."

मी कुंडी घेतली. का घेऊ नको? बुडत्याला काडीचा आधार, इथे तर अख्खी कुंडी होती. सायकलच्या पुढच्या टोपलीत घालून परत गेले, ठेवली, चार पावलं मागे जाऊन पाहिलं. एकोणीस. नेमके एकोणीस. फुलंही शोभून दिसत होती. कुणाला काय कळतंय.

घरी येऊन कॉफीचं पाणी ठेवलं, गुलाबी साखरेचा केक कापला आणि ओट्याशी उभी असताना माझ्या डोक्यात किडा वळवळला. तेवीस. तेवीसही मूळ आहे ना? म्हणजे परवानगी तरी आहे. परीक्षेला बसायची. जर हे तेवीस एकसुद्धा तुटत नसतील तर? पण मग सात आठवले, तेरा आठवले, सतरा आठवले, सगळे परवानगी घेऊन बसलेले आणि सगळे नापास. त्या गोस्सेसारखेच.

वुब्बोनं मला एक गोष्ट शिकवली होती. एकांच्या अशा ओळीला तोडणारी संख्या उगाच कुठूनही येत नाही. ओळीत एक किती ते बघायचं, आणि तो आकडा मूळ असेल तर त्याची दुप्पट करायची. तोडणारी त्या दुपटीच्या पटीत असते, वर एक. सात एकांची दुप्पट चौदा, चौदाची सतरापट दोनशे अडतीस, वर एक, दोनशे एकोणचाळीस, आणि तोडतेच. तेवीसची दुप्पट सेहेचाळीस. म्हणजे पहिला संशयित सत्तेचाळीस. पिठाच्या पिशवीच्या पाठीवर मी तेवीस एक लिहिले आणि सत्तेचाळीसनं भागायला बसले. सत्तर वर्षांची बाई, डोळ्यांवर चष्मा, बाजूला केक. शेवटी बाकी उरली पाच. म्हणजे सत्तेचाळीस गेला. पुढचा ब्याण्णव अधिक एक, त्र्याण्णव, तो स्वतःच मूळ नाही, सोडला. मग एकशे एकोणचाळीस. त्यानंही भागलं, बाकी उरली सत्त्याहत्तर. तोही गेला. मग मात्र मी पेन्सिल टाकून दिली. असे किती संशयित? माझ्या जन्मात संपायचे नाहीत. वुब्बोचे हिवाळेच्या हिवाळे एकोणीसमध्ये गेले होते, मला तर केक वाढायचा होता.

आणि खरं सांगू, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस इतकी वर्षं त्या कागदावर वाकून काय करत होता. पुढची बाकी शून्य येते की काय, ह्या भीतीनं मी एकेक आकडा दोनदा तपासत होते. मजा होती त्यात, काय सांगू.

अकराच्या आधीच मंडळी स्मशानाच्या फाटकाशी हजर. पाचही जण, काळे कोट घालून, रीन्कच्या हातात छत्री. गोस्से लांब, कुंपणाच्या पलीकडे, टोपी हातात धरून उभा होता. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. आम्ही दगडापाशी गेलो. सगळ्यांनी नाव वाचलं. आउक्येनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दगड देखणा झालाय, असं कप्तान म्हणाला. आणि मग, सवयीप्रमाणे, हळूच सगळ्यांचे ओठ हलायला लागले.

कप्तानाचं मोजून झालं, त्यानं मान हलवली. एकोणीस. आउक्येचं झालं. एकोणीस. दोघा मास्तरांचंही झालं. रीन्क सगळ्यात शेवटी. त्यानं छत्रीचं टोक एकेका रेघेवर न टेकवता नेलं, एक, दोन, तीन, आणि कुंडीच्या काठाशी येऊन थांबला. "एकोणीस," तो म्हणाला. "बरोबर." आणि टोपी काढली.

झालं की. सुटले होते मी. घरी जाऊन कॉफी द्यायची, केक द्यायचा, पुढच्या महिन्यात गोस्से दगड बदलणार. मी वुब्बोच्या नावाकडे बघितलं आणि मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसानं आयुष्यात एक बाकी लपवली नाही, त्याच्या डोक्याशी मी फुलांच्या कुंडीमागे चार आकडे लपवून उभी होते. आणि त्याचे मित्र टोपी काढून त्या खोट्या बेरजेला नमस्कार करत होते. सदतीस वर्षं पोरांच्या वह्यांत तो हेच पकडत आला. खाडाखोड चालेल, म्हणायचा, झाकाझाकी नाही.

मी वाकले, कुंडी उचलली आणि बाजूला ठेवली. "अजून चार आहेत," मी म्हटलं. "मोजा."

मग रीन्कनं टोपी परत घातली, पार पहिल्या रेघेपाशी गेला आणि पुन्हा सुरू केलं, कारण अर्धवट मोजलेल्यात भर घालणं त्यांच्या नियमात बसत नाही. मी माझ्या बुटांकडे बघत होते. मनात म्हणत होते, वुब्बो, मला माफ कर, मी मोजून दिले होते रे, तीनदा मोजले होते.

"तेवीस," रीन्क म्हणाला.

मी म्हटलं, हो, तेवीस. गोस्सेला वाटलं नक्षी आहे, ओळ अपुरी दिसत होती म्हणून त्यानं कडेपर्यंत भरली. तुटत असेल तर तसं सांगा, मी नवा दगड करून घेईन, पण सरळ सांगा. आउक्ये रीन्ककडे बघत होती, कप्तान रीन्ककडे बघत होता आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी विचित्र होतं. मला वाटलं, हसू दाबतायत. मला भयंकर राग आला.

रीन्क म्हणाला, "तेवीसही तुटत नाही."

मला ते ऐकूच आलं नाही नीट. म्हणजे ऐकू आलं, पण खरं वाटेना. मी म्हटलं, "रीन्क, माझी दया म्हणून काही बोलू नका. आज नको."

तो असा काही दुखावला की काय सांगू. छत्री जमिनीवर आपटली. "मी आजवर कुणाची दया येऊन कधी संख्या सांगितली आहे?" त्यानं विचारलं. "दोन एक मूळ. मग थेट एकोणीस. मग तेवीस. त्यानंतर तीनशे सतरापर्यंत एकही नाही, मधले सगळे तुटतात. तेवीसचं पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. हवं तर संध्याकाळी येऊन पटवून देतो. वीस केले असते तर तुटली असती. एकवीस, बावीस, चोवीस, सगळ्या तुटल्या असत्या. त्या गाढवाला ओळ भरायचीच होती तर भरण्यासारखी जागा एवढी एकच होती."

तो खोटं बोलत नाही. बाळाचं डोकं चपटं म्हणणारा माणूस तो. त्याच्या त्या खवट तोंडातून आलं म्हणूनच माझा जीव भांड्यात पडला. असा पडला, की मी शेजारच्या कुणाच्या तरी थडग्याच्या कठड्यावर बसकण मारली आणि भोकाड पसरून रडले. वुब्बो गेला तेव्हासुद्धा अशी रडले नव्हते. रडता रडताच हसायला लागले, मग आउक्ये हसायला लागली, मग कप्तान, आणि शेवटी त्या रीन्कच्या तोंडावरही एक सुरकुती हलली. आउक्ये म्हणाली, वुब्बो असता तर जळला असता, एकोणीससाठी जवानी घालवली आणि ह्या गोस्सेनं छिन्नीच्या चार फटक्यांत पुढची गाठली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात ना, ते मी स्मशानात बघितलं.

सगळ्यांनी पुन्हा एकेकदा मोजलं. अर्थात. ह्या वेळी मोठ्यानं, आणि मीही मोजलं त्यांच्याबरोबर. तेविसावर आम्ही सगळे एकदम पोहोचलो.

मंडळी फाटकाकडे निघाली तशी मी गोस्सेला हाक मारली. तो बिचारा कुंपणापाशी गोठून उभा होता. आम्ही रडतोय की हसतोय हेच त्याला कळलं नव्हतं. विचारत होता, बाई, किती दिवसांत नवा दगड हवा? मी म्हटलं, नवा नको, हाच राहणार. तरी त्याचं समाधान होईना. मग ते चार, त्यांचं काय, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मी म्हटलं, "ते चार बरोबर आहेत, गोस्से. का बरोबर आहेत ते रीन्क सांगतील. चल घरी, कॉफी तयार आहे आणि तुला मोठा तुकडा मिळणार आहे."

"पण बाई, मी तर गणितात नापास झालो होतो," तो म्हणाला. "मास्तरांनीच केलं होतं."

मी त्याचा हात धरला आणि त्याला दगडापाशी आणलं. दगडाच्या भुकटीनं पांढरं झालेलं त्याचं बोट त्याच्याच शेवटच्या चार रेघांवर टेकवलं. म्हटलं, "वुब्बो, हा आपला गोस्से. आज पास कर त्याला."